आहेरात बिटकॉइनचं पाकीट? आधी विचारा, त्यातली चावी कुणी कुणी पाहिली

लग्नातलं आहेराचं पाकीट सगळ्यांच्या ओळखीचं. वर रुपयाचं नाणं चिकटवलेलं, आत शंभराची नाहीतर पाचशेची नोट, मागे देणाऱ्याचं नाव-गाव. मांडवात वही घेऊन बसलेला माणूस नाव लिहितो, पैसे मोजतो, पिशवीत टाकतो. विषय संपला.

याच पाकिटाचा एक नवा भाऊ निघालाय. जाड, चकचकीत कागद, वर सोनेरी नक्षी, 'शुभ विवाह' किंवा 'हॅपी बर्थडे' छापलेलं आणि दोन क्यूआर कोड. एक उघडा, दुसरा घडीत झाकून वर स्टिकर लावलेला. आत नोट नसते. कागदच पैसे आहे असं सांगितलं जातं. याला 'पेपर वॉलेट' म्हणतात, म्हणजे बिटकॉइनसारख्या क्रिप्टो चलनाचं कागदी पाकीट. परदेशात दहा-बारा वर्षांपूर्वी वाढदिवसाला, नाताळला अशी पाकिटं देण्याची हौस होती. ऑनलाइन दुकानांत आजही अशी कार्डं विकायला दिसतात. छपाई करणाऱ्या तरुण पोरांना यात धंदाही दिसू शकतो. लग्नपत्रिका छापतोच आहोत, तर हेही छापू, असा विचार मनात येणं साहजिक आहे. पुण्या-मुंबईला किंवा परदेशात असलेल्या पाहुण्याकडून उद्या असं एखादं पाकीट आपल्या गावच्या मांडवातही येऊ शकतं.

म्हणून हा कागद नेमका काय असतो, तो कसा बनतो, विकला तर काय होतं आणि हातात आला तर काय करायचं, हे नीट समजून घेऊ. बिटकॉइन घ्यावं की न घ्यावं हा या लेखाचा विषय नाही. तो ज्याचा त्याने ठरवावा.

दोन कोड, दोन कामं

किराणा दुकानात काउंटरवर फोनपेचा क्यूआर लावलेला असतो. तो सगळ्या जगाने पाहिला तरी दुकानदाराला काही धोका नाही, कारण त्यावर पैसे फक्त येतात. पैसे बाहेर जायचे तर यूपीआय पिन लागतो आणि तो पिन दुकानदार कुणाला दाखवत नाही. पेपर वॉलेटचंही असंच आहे. उघडा कोड म्हणजे पत्ता, त्यावर पैसे पाठवता येतात. झाकलेला कोड म्हणजे खासगी चावी. ती ज्याच्याकडे, तो पैसे उचलू शकतो.

पण एक फरक आहे आणि सगळी गोम तिथेच आहे. यूपीआय पिन कुणाला कळला तर आपण दोन मिनिटांत बदलतो. बँकेला फोन करून खातं थांबवता येतं. बिटकॉइनची चावी बदलता येत नाही. एकदा बनली ती कायमची. तिच्यामागे बँक नाही, शाखा नाही, मॅनेजर नाही. चावी वापरताना कुणी नाव विचारत नाही, आधार मागत नाही, ओटीपी येत नाही. जगात कुठेही बसून, मोबाइलवरून, रात्री दोन वाजता पैसे उचलता येतात आणि गेलेले पैसे परत फिरवायची सोय नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांना इंदिरा विकास पत्र आठवत असेल. १९८६ साली पोस्टात सुरू झालं होतं. त्यावर घेणाऱ्याचं नावच नसायचं. ज्याच्या हातात कागद, त्याचे पैसे. हरवलं, जळलं, चोरीला गेलं तर पोस्ट दुसरं देत नव्हतं. पुढे ती योजना बंद झाली. पेपर वॉलेट त्याच जातीचं आहे, पण एक पायरी पुढचं. इंदिरा विकास पत्राचा कागद तरी एकच होता. चोराला तो उचलून न्यावा लागायचा. पेपर वॉलेटचा नुसता फोटो काढला तरी चोरी पूर्ण होते. कागद तुमच्या कपाटात, घडी तशीच, स्टिकर तसाच, आणि पैसे गायब.

पाकीट बनतं कसं

तांत्रिकदृष्ट्या काम सोपं आहे. चावी म्हणजे एक प्रचंड मोठा आकडा, जो पूर्णपणे योगायोगाने निवडलेला असायला हवा. त्या आकड्यातून गणिताने पत्ता तयार होतो. चावीवरून पत्ता काढता येतो, पत्त्यावरून चावी काढता येत नाही. हे काम करणारी पानं इंटरनेटवर फुकट मिळतात. माहितगार माणूस ते पान डाउनलोड करून घेतो, त्यात कुणी फेरफार केलेला नाही याची खात्री करतो, इंटरनेट बंद केलेल्या स्वच्छ कॉम्प्युटरवर उघडतो, चावी आणि पत्त्याची जोडी काढतो, साध्या वायरच्या प्रिंटरवर छापतो आणि मग ती फाइल कॉम्प्युटरमध्ये राहू देत नाही. शेवटी त्या पत्त्यावर थोडं बिटकॉइन पाठवलं की पाकीट भरलं. एका बिटकॉइनचे दहा कोटी बारीक भाग होतात, त्यांना सातोशी म्हणतात. त्यामुळे पाचशे-हजार रुपयांचं पाकीटही भरता येतं.

आता आपल्याकडे हे प्रत्यक्षात कसं होईल ते बघा. घरात प्रिंटर नाही. मग फाइल व्हॉट्सअॅपवर झेरॉक्सवाल्याला पाठवायची, 'भाऊ, एक कलर प्रिंट काढून ठेव' म्हणायचं आणि बाजाराला गेलं की घेऊन यायची. सातबारा, पीक विम्याची पावती, हॉल तिकीट, सगळं आपण असंच काढतो. पण इथे ती फाइल पाठवली म्हणजे चावीच पाठवली. ती तुमच्या फोनमध्ये राहिली, त्याच्या फोनमध्ये राहिली, दुकानातल्या कॉम्प्युटरच्या डाउनलोडमध्ये राहिली. मोठ्या प्रिंटरला स्वतःची मेमरी असते, काही वेळा तिथेही राहिली. गुगल फोटोजचा बॅकअप चालू असेल तर फोटोची आणखी एक प्रत तिथे गेली. झेरॉक्सवाला देवमाणूस असेल हो, पण त्या कॉम्प्युटरला रोज पन्नास पोरं पेनड्राइव्ह लावतात.

पान कुठून घेतलं हाही प्रश्नच आहे. 'वॉलेटजनरेटर' नावाची पेपर वॉलेट बनवून देणारी एक नावाजलेली वेबसाइट होती. मे २०१९ मध्ये 'मायक्रिप्टो' कंपनीच्या तपासणाऱ्यांनी तिच्यावर एक साधा प्रयोग केला. एकदम हजार चाव्या मागितल्या. हजार वेगवेगळ्या निघायला हव्या होत्या, तर निघाल्या फक्त १२०, बाकी सगळ्या त्यांच्याच नकला. म्हणजे आकडा योगायोगाने निवडला जात नव्हता, कुणाला तरी आधीच माहीत असावा अशी व्यवस्था दिसत होती. बाहेरून वेबसाइट तशीच, डिझाइन तेच. सामान्य माणसाला कळणार कसं?

कस लावता येत नाही असं सोनं

विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या पट्ट्यातल्या वाचकांना पुढची गोष्ट लवकर कळेल. इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभर गलाईच्या धंद्यात आहेत. जुना दागिना आला की गलाईवाला त्याच्या चमकीवर जात नाही. वितळवतो, शुद्ध करतो, टंच काढतो. सोनं किती आणि भेसळ किती हे तिथे लपत नाही.

पेपर वॉलेटला अर्धाच कस लावता येतो. उघडा कोड स्कॅन करून त्या पत्त्यावर किती बिटकॉइन आहे हे कुणालाही बघता येतं, कारण बिटकॉइनची वही सगळ्यांसाठी उघडी असते. म्हणजे पाकीट भरलेलं आहे की रिकामं, हे कळतं. पण त्या चावीची दुसरी प्रत कुणाकडे आहे का, हे जगातल्या कुठल्याही यंत्राने कळत नाही. विकणारा शपथ घेऊन सांगेल, 'फाइल डिलीट केली.' खरंही असेल. पण त्याची परीक्षा घेण्याचा मार्ग नाही. आज पैसे आहेत, उद्या आहेत, दोन वर्षं आहेत, आणि भाव चांगला वाढला की एका रात्रीत गेले. तोवर विकणाऱ्याचा नंबर बंद झालेला असतो.

काही जणांना मोबाइल रिचार्जची जुनी स्क्रॅच कार्डं आठवतील. नाण्याने खरवडून नंबर काढायचो. त्या कार्डावरही नंबर छापणाऱ्याला माहीत असायचाच. पण छापणारी कंपनी होती. नंबर आधीच वापरलेला निघाला तर दुकानदाराशी भांडता यायचं, कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावता यायचा. पेपर वॉलेटमध्ये गावातला किंवा इन्स्टाग्रामवरचा छापणारा पोरगाच 'कंपनी' असतो आणि त्याच्या मागे कुणी नसतं.

हा नुसता तर्क नाही. आपल्या शेजारच्या पुण्यात गाजलेलं प्रकरण आहे. 'गेनबिटकॉइन' या योजनेत दरमहा १० टक्के परतावा, तोही १८ महिने, असं सांगून लोकांकडून बिटकॉइन गोळा केलं गेलं. २०१७ च्या भावाने ही रक्कम ६,६०० कोटी रुपयांची होती, असं ईडीचं म्हणणं आहे. पुण्यात २०१८ मध्ये गुन्हे दाखल झाले. आरोपींची क्रिप्टो वॉलेट उघडून तपासायची म्हणजे तांत्रिक माणसं लागणार, म्हणून पोलिसांनी बाहेरचे दोन तज्ज्ञ मदतीला घेतले. मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी त्या दोन तज्ज्ञांनाच अटक केली. तपासासाठी हाती आलेल्या वॉलेटमधलं चलन त्यांनी परस्पर वळवलं, असा त्यांच्यावर आरोप आहे. आरोप खरा की खोटा ते न्यायालय ठरवेल. पण असा आरोप होऊ शकतो, ही गोष्टच आपल्याला पुरेशी आहे. जप्तीचा मुद्देमाल साधारणपणे सीलबंद करून कोठडीत ठेवतात. इथे मुद्देमालाला सील लावून उपयोग नाही, कारण चावी ज्याच्या नजरेखालून एकदा गेली त्याच्यावर संशय कायम राहतो. तो पोलिसांचा तज्ज्ञ असो की झेरॉक्सवाला.

अमेरिकेतल्या माणसाने काय केलं होतं

भेटवस्तू म्हणून बिटकॉइन विकण्याचा सगळ्यात प्रसिद्ध प्रयोग कागदाचा नव्हता, धातूचा होता. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या माइक काल्डवेल याने २०११ पासून 'कॅसॅशियस' नावाची नाणी विकायला सुरुवात केली. नाणं हातात धरता येणारं, वजनदार. आत छोट्या कागदावर चावी आणि वर होलोग्राम. होलोग्राम सोलला की त्यावर खूण उमटायची, पुन्हा चिकटवता यायचा नाही. लोकांनी ती हौसेने घेतली. आज ती नाणी जमवणाऱ्यांमध्ये मौल्यवान समजली जातात.

नोव्हेंबर २०१३ मध्ये अमेरिकी सरकारच्या आर्थिक गुन्ह्यांवर लक्ष ठेवणाऱ्या खात्याने त्याला कळवलं की तू नाणी विकत नाहीयेस, लोकांचे पैसे इकडून तिकडे पाठवण्याचा धंदा करतोयस, त्यासाठी नोंदणी लागते. भरलेली नाणी विकणं त्याने थांबवलं. त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल लोकांची तक्रार नव्हती, हे लक्षात घ्या. माणूस चांगला होता तरी कायद्याच्या नजरेत धंदा वेगळा ठरला. आणि घेणाऱ्यांचा सगळा भरवसा एकाच गोष्टीवर होता: या एका माणसाने चावीची प्रत स्वतःकडे ठेवलेली नाही.

आपल्याकडे धंदा करायचा तर

कराड, फलटण, विटा, तासगाव, कुठेही एखाद्या प्रेसवाल्याच्या किंवा डिझाइन करणाऱ्या पोराच्या डोक्यात ही कल्पना असेल, तर कायद्याची बाजू आधी बघावी.

बिटकॉइन बाळगणं आपल्या देशात गुन्हा नाही. पण ते रुपयासारखं चलनही नाही. रिझर्व्ह बँकेने पहिला इशारा २४ डिसेंबर २०१३ ला दिला होता. २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून लांब राहायला सांगितलं. तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० ला रद्द केला. पुढे सरकारने बंदी घातली नाही, कर लावला. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टो विकून झालेल्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, वर उपकर वेगळा. खरेदीची किंमत सोडली तर दुसरा कुठला खर्च वजा करता येत नाही आणि एकीकडचा तोटा दुसरीकडच्या नफ्यातून वळता करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून ठराविक मर्यादेच्या वरच्या व्यवहारावर १ टक्का टीडीएस आला.

प्रेसवाल्यासाठी खरी महत्त्वाची तारीख आहे ७ मार्च २०२३. त्या दिवशीच्या अधिसूचनेने क्रिप्टोची अदलाबदल करणं, दुसऱ्यासाठी ते पाठवणं, सांभाळणं हे धंदे मनी लाँडरिंग विरोधी कायद्याखाली आणले. असा धंदा करणाऱ्याला केंद्राच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागते, ग्राहकाचं केवायसी घ्यावं लागतं, नोंदी ठेवाव्या लागतात, संशयास्पद व्यवहार कळवावे लागतात. आता विचार करा. गिऱ्हाइकाने रोख दोन हजार दिले, तुम्ही स्वतःच्या अॅपवरून पाकिटात बिटकॉइन टाकलं, वर शंभर-दोनशे मजुरी घेतली. हे एकदा मित्रासाठी करणं वेगळं आणि दुकानावर बोर्ड लावून करणं वेगळं. बोर्ड लावला की तुम्ही काल्डवेलच्या जागी उभे आहात. शिवाय उद्या त्या दोन हजारांचा माग कुठल्या फसवणुकीपर्यंत गेला, तर पोलीस पहिल्यांदा तुमच्या बँक खात्यापर्यंत येतात आणि खातं गोठतं. सणासुदीत, लग्नसराईत खातं गोठलं तर प्रेसचं काय होईल ते प्रेसवाल्यालाच कळतं.

आमचं स्पष्ट मत असं की भरलेलं पाकीट विकू नये. रिकामंही नाही, जर त्यात तुम्ही बनवलेली चावी असेल. उद्या गिऱ्हाइकाचे पैसे तिसऱ्याच कारणाने गेले, तरी गावात नाव तुमचंच घेतलं जाणार आणि आपण घेतले नाहीत हे सिद्ध करायला तुमच्याकडेही काही साधन नसणार.

मग उरतं काय? छपाई उरते, आणि ती वाईट नाही. सुंदर घडीचं कोरं कार्ड विकता येतं, ज्यात चावीची जागा मोकळी आहे. जाड कागद, मागच्या बाजूला गर्द नक्षी म्हणजे टॉर्च मागे धरला तरी आतलं दिसणार नाही, वर एकदाच सुटणारं स्टिकर, आणि सोबत घरच्या घरी काय करायचं त्याची मराठीत लिहिलेली चिठ्ठी. चावी गिऱ्हाइकाने स्वतः बनवायची, स्वतः लिहायची, तुम्ही ती बघायचीच नाही. यात तुम्ही कागद आणि कारागिरी विकता, बाकी काही नाही. तरीही सुरू करण्याआधी आपल्या कर सल्लागाराशी एकदा बोलून घ्या.

आणि खरं सांगायचं तर ज्यांना हे चलन कळतं, ते लोकही आता चावी छापलेला पेपर वॉलेट जुना आणि धोक्याचा प्रकार मानतात. हल्ली वॉलेटचं अॅप १२ किंवा २४ साधे इंग्रजी शब्द देतं, ते क्रमाने हाताने कागदावर लिहून ठेवायचे अशी पद्धत आहे. प्रिंटर नाही, झेरॉक्सवाला नाही.

रक्कम छोटी असेल तर आणखी एक अडचण

पाचशे एक रुपयाचा आहेर बिटकॉइनमध्ये दिला, असं समजू. ते पाकिटातून बाहेर काढायला नेटवर्कचं शुल्क लागतं. हे शुल्क रकमेवर ठरत नाही, त्या वेळी किती गर्दी आहे त्यावर ठरतं. पाच लाख हलवा की पाचशे, शुल्क साधारण तेवढंच. एरवी ते कमी असतं, पण २० एप्रिल २०२४ ला, बिटकॉइनच्या 'हाल्व्हिंग'च्या वेळी, एका व्यवहाराचं सरासरी शुल्क शंभर डॉलरच्या पुढे गेलं होतं. पाचशे रुपये काढायला आठ हजार! अशा दिवशी छोटं पाकीट म्हणजे बंद कुलपातला आहेर. दिसतो, घेता येत नाही.

बिटकॉइन अॅपवर घेतलं म्हणजे ते पाकिटात पाठवता येईलच असंही नाही. काही भारतीय अॅप बाहेरच्या पत्त्यावर पाठवायला अटी घालतात. पैसे गुंतवण्याआधी हे तपासावं, नंतर नाही.

पाकीट हातात आलं तर

एखाद्या पाहुण्याने प्रेमाने दिलंच, तर त्याचा अपमान करायची गरज नाही. पण ते तसंच कपाटात ठेवू नका. उघडा कोड स्कॅन करून शिल्लक बघा. इथे एक सावधगिरी: कोड स्कॅन केल्यावर एखादी वेबसाइट उघडली आणि 'गिफ्ट मिळवण्यासाठी आधी इतके भरा', 'आधार नंबर टाका', 'हे अॅप घ्या' असं म्हणाली, तर ते पेपर वॉलेट नाही, सापळा आहे. खऱ्या कोडमध्ये फक्त पत्ता असतो, एक लांबलचक अक्षरं-आकड्यांची ओळ.

शिल्लक असेल तर फोनमध्ये स्वतःचं नवीन वॉलेट बनवा आणि त्यात कागदावरची सगळी रक्कम एकदम वळती करा. इंग्रजीत याला 'स्वीप' म्हणतात. गलाईच्या भाषेत सांगायचं तर जुना दागिना वितळवून आपल्या मुशीत ओतणं. हे झालं की जुन्या चावीची प्रत कुणाकडेही असो, तिची किंमत शून्य. अर्धी रक्कम काढून अर्धी कागदावर ठेवायची, असं करू नका. काही वॉलेटमध्ये उरलेली रक्कम त्या जुन्या पत्त्यावर परत जात नाही, भलत्याच पत्त्यावर जाते आणि माणूस कागद जपत बसतो. आपल्याला जमत नसेल तर ज्याने दिलं त्याच पाहुण्याला समोर बसवून करून घ्या. अनोळखी 'एक्सपर्ट'च्या हातात घडी उघडून देऊ नका. पुण्याचं प्रकरण वर सांगितलंच आहे.

कराचं थोडक्यात. लग्नात नवरा-नवरीला मिळालेल्या भेटीवर कर नाही. आई-वडील, भाऊ-बहीण, काका, मामा, आत्या, मावशी यांच्याकडून एरवी मिळालं तरी नाही. पण कायद्याच्या 'नातेवाईक' या व्याख्येत चुलतभाऊ बसत नाही, मित्र बसत नाही, भावकी तर नाहीच. त्यांच्याकडून वर्षभरात मिळालेल्या भेटींची किंमत ५० हजारांच्या वर गेली तर ती उत्पन्नात धरली जाते. पुढे ते विकलं तर नफ्यावर ३० टक्के आहेच. म्हणून देणाऱ्याने किती रुपयांना आणि कधी घेतलं त्याची पावती किंवा स्क्रीनशॉट पाकिटासोबत मागून घ्या. थोडं संकोचाचं वाटेल, पण वर्षभराने मागण्यापेक्षा बरं.

कागद आहे, तो भिजतो

स्वतःचं बिटकॉइन स्वतः सांभाळावं असं वाटण्यामागे कारण आहे. १८ जुलै २०२४ ला मुंबईच्या 'वझीरएक्स' या मोठ्या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरचं, म्हणजे जवळजवळ दोन हजार कोटी रुपयांचं क्रिप्टो चोरीला गेलं आणि सामान्य ग्राहकांचे पैसे अडकले. त्यानंतर 'चावी आपल्याकडेच हवी' असं म्हणणारे वाढले. म्हणणं चूक नाही. पण चावी आपल्याकडे म्हणजे जबाबदारीही आपल्याकडे.

कृष्णा-वारणेच्या काठच्या माणसाला कागदाचं सांगायला नको. २००५, २०१९, २०२१. मिरज, पलूस, वाळव्याकडच्या घरांत पाणी शिरलं तेव्हा रेशनकार्डं, पासबुकं, शाळेचे दाखले भिजून लगदा झाले. त्यांची दुय्यम प्रत तहसीलमध्ये, बँकेत, शाळेत मिळाली. पेपर वॉलेटची दुय्यम प्रत देणारं ऑफिस नाही. इंकजेट प्रिंटरची शाई पाण्याने पसरते आणि क्यूआर वाचता येत नाही. लेझर प्रिंट त्यापेक्षा टिकते. एसटीच्या तिकिटासारख्या थर्मल कागदावर काढलं तर वर्षा-दोन वर्षांत आपोआप कोरं होतं, आणि त्याचं गरम लॅमिनेशन केलं तर तिथल्या तिथे काळं पडतं. माण-खटावकडे पुराची भीती नाही, पण वाळवी सगळीकडे आहे.

पाण्यापेक्षाही मोठी भीती वेगळी आहे. बँकेतल्या ठेवीला वारस लावता येतो. वारस लावलेला नसला तरी मृत्यूचा दाखला, वारस दाखला, शपथपत्र, चार चकरा, आणि शेवटी पैसे मिळतात. इथे घरचा कर्ता माणूस गेला आणि तो कागद काय आहे हे कुणालाच माहीत नसेल, तर बायको दिवाळीच्या साफसफाईत जुनं गिफ्ट कार्ड समजून तो फेकून देईल. त्यात तिचा काय दोष? कोर्टाचा हुकूम आणला तरी बिटकॉइनचं नेटवर्क तो वाचत नाही. म्हणून असा काही कागद घरात असेल तर तो काय आहे, कुठे आहे, हे घरातल्या एका जाणत्या माणसाला आजच सांगून ठेवा. चावी वाचून दाखवायची गरज नाही, जागा सांगा. दुसरी प्रत ठेवायची तर ती त्याच घरात नको. नदीकाठच्या घरात एक असेल तर दुसरी उंचावरच्या गावात, ज्याच्यावर जमिनीच्या कागदांइतका विश्वास आहे त्याच्याकडे.

आणि फसवणूक झालीच, कार्ड विकत घेतलं आणि पैसे गेले, तर लाजून गप्प बसू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांच्या पोलिसांकडे सायबर विभाग आहे, तिथेही जाता येतं. विकणाऱ्याला यूपीआयने पैसे दिले असतील तर त्या व्यवहाराचा नंबर जपा. बिटकॉइन परत आणणं कठीण, पण बँकेतून गेलेले रुपये पहिल्या काही तासांत अडवता येण्याची शक्यता असते. कार्ड फाडू नका, घडी उघडली असली तरी ठेवा, आणि त्याच्यावरचा उघडा पत्ता तक्रारीत अक्षरन्‌अक्षर लिहा. पैसे त्या पत्त्यावरून कुठे गेले हे उघड्या वहीत दिसतं आणि पोलिसांना माग काढायला तिथूनच सुरुवात करावी लागते.